तोडणीची तारीख छाटणीच्या दिवशीच ठरते

जानेवारीत आमच्या बागेत कोणीही पाहुणा आला की बांधावर उभं राहून एकच प्रश्न विचारतो, "तोडणी कधी?" मी सांगतो की ते सप्टेंबरातच ठरलंय. त्यांना ते उडवाउडवीचं उत्तर वाटतं. पण वाइनच्या द्राक्षाचं सगळं गणित त्या एका वाक्यात आहे, आणि खान्देशात तर ते फारच खरं आहे. हे गणित नीट उलगडून सांगावं म्हणून हा लेख.

आमची बाग साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात, पिंपळनेरच्या अलीकडे आहे. साडेतीन एकर, त्यात दोन एकर शेनिन ब्लांक हे पांढरं द्राक्ष आणि दीड एकर शिराझ हे काळं. बागेच्या कडेला शेडमध्ये स्टीलच्या पाच टाक्या, एक प्रेस, एक चिलर. एवढीच वायनरी. वर्षभरात जे काही होतं ते या साडेतीन एकरांतच होतं, बाहेरून द्राक्ष येत नाही. त्यामुळे वेलीवर झालेली चूक झाकायला आमच्याकडे दुसरा माल नसतो.

आधी जमिनीबद्दल, कारण लोक हमखास विचारतात की केळी आणि कापसाच्या खान्देशात हे कुठून आलं. रावेर-यावलची तापीकाठची जमीन खोल काळी, गाळाची. केळीला ती सोन्यासारखी, कारण केळीला भरपूर पाणी आणि भरपूर अन्न लागतं. वाइनच्या वेलीला नेमकं तेच नको असतं. खोल काळ्या मातीत वेल नुसती पानं आणि शेंडे काढत बसते, मणी मोठे आणि पाणचट होतात, आणि ओल मुळाशी धरून राहिल्यामुळे पीक उशिरा पिकतं. साक्रीच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, माळावर हलकी मुरमाड जमीन आहे. पाणी दिलं की निचरून जातं. वेलीला पाणी किती द्यायचं हे मग आपल्या हातात राहतं. ठिबकाने आज चार लिटर, उद्या बंद, असं करता येतं. ज्या जमिनीवर पूर्वी बाजरीसुद्धा कशीबशी यायची, ती या वेलीला मानवली.

पाण्याची शिस्त आमच्या भागाला नवी नाही. पांझरा आणि कान नदीवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, आणि कोणाला किती पाणी हे पाटकरी पाहणार. माझे आबा फडातल्या पाटाच्या गोष्टी सांगत. वेलीला पाणी तोडायचं की सोडायचं हे ठरवताना मला ती शिस्त आठवते.

आता मुख्य गोष्ट. युरोपात द्राक्षाची वेल हिवाळ्यात झोपते. पानं गळतात, काडी कोरडी दिसते, बर्फ पडतो. वसंतात ती आपणहून जागी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पीक देते. तिथे वर्षाचा काळ निसर्ग ठरवतो. आपल्याकडे कधीच एवढी थंडी पडत नाही की वेल झोपावी. सोडून दिली तर ती बारा महिने वाढत राहील, एका काडीवर फुलं आणि दुसरीवर पिकलेले मणी असा गोंधळ होईल. म्हणून महाराष्ट्रात वेलीचं वर्ष माणसाला कात्रीने पाडावं लागतं. वर्षातून दोन छाटण्या आणि एक पीक, ही आपली पद्धत. एप्रिलमधली खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातली गोडी छाटणी. पहिली काडीसाठी, दुसरी फळासाठी.

यात एक मोठी सोय दडलेली आहे. फ्रान्समधल्या शेतकऱ्याला पीक कोणत्या महिन्यात पिकवायचं हे निवडता येत नाही, आपल्याला येतं. गोडी छाटणीची तारीख पंधरा दिवस पुढे-मागे केली की पिकण्याचा काळही पुढे-मागे सरकतो. प्रश्न एवढाच राहतो की कोणत्या हवेत पिकवायचं. तिथून खान्देशची गोष्ट सुरू होते.

खान्देशचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. थंडीबद्दल मात्र बाहेरच्यांना कल्पना नसते. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या तापमापकावर काही हिवाळ्यांत 5-6 अंशांची नोंद होते, राज्यातल्या सगळ्यात थंड आकड्यांपैकी. डिसेंबर-जानेवारीत दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो आणि पहाटे शेकोटीपासून हलवत नाही. दिवस आणि रात्रीच्या तापमानात एवढं अंतर असणं ही वाइनच्या द्राक्षासाठी फार मोलाची गोष्ट आहे. का, ते समजायला मण्याच्या आत डोकवावं लागेल.

मण्यात दोन मुख्य आम्लं असतात. एक टार्टारिक, हे चिंचेत असतं तेच. दुसरं मॅलिक, हिरव्या सफरचंदाच्या आंबटपणातलं. मणी कच्चा असताना दोन्ही भरपूर असतात, म्हणून कच्चं द्राक्ष दात आंबवतं. पिकताना साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. साखर पानांत तयार होते, त्याला दिवसाचं ऊन लागतं. आंबटपणा कमी होण्यामागे दोन कारणं. मणी फुगतो तसं आम्ल पातळ होतं, हे एक. आणि मणी श्वास घेतो तेव्हा त्यातलं मॅलिक आम्ल जळून जातं, हे दुसरं. टार्टारिक बऱ्यापैकी टिकून राहतं, मॅलिक मात्र उष्णतेत भराभर जळतं, आणि रात्री उकाडा असेल तर रात्रभर जळत राहतं. रात्री थंड असल्या की हे जळणं मंदावतं. म्हणजे दिवसा गोडी भरते आणि रात्री आंबटपणा राखला जातो.

वाइनला हा आंबटपणा का हवा? चवीसाठी तर हवाच, आंबटपणा नसलेली वाइन जिभेवर मेणासारखी चिकट आणि निर्जीव लागते. पण त्याहून मोठं कारण टिकण्याचं आहे. आपण लोणच्यात लिंबू किंवा व्हिनेगर का घालतो? आंबटात खराब करणारे जिवाणू सहज वाढत नाहीत. वाइनचंही तसंच आहे. रसाचा पीएच (हा आकडा जितका लहान तितका रस आंबट) पांढऱ्यासाठी 3.2-3.4 आणि लालसाठी 3.5-3.6 च्या आसपास असला की काम सोपं होतं. तो 3.8 च्या वर गेला की प्रत्येक टप्प्यावर धाकधूक.

तर गणित असं. पिकण्याचे शेवटचे पाच-सहा आठवडे थंड रात्रींत पडायला हवेत. आमच्याकडे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऊन चटका देऊ लागतं. शेनिनला छाटणीपासून तोडणीपर्यंत साधारण 120 ते 130 दिवस लागतात, शिराझला 140 ते 150. मागे मोजत गेलो की 25 सप्टेंबरला छाटलेली शेनिन जानेवारीच्या शेवटी येते, 22 सप्टेंबरला छाटलेली शिराझ फेब्रुवारीच्या मध्यावर. थंडी कडक पडली तर आठ-दहा दिवस मागे जातं, इतकंच. पाहुण्यांना मी देतो ते उत्तर या हिशेबातून येतं.

मग लवकर, ऑगस्टमध्येच का छाटत नाही? बागलाणातले आमचे शेजारी खाण्याच्या द्राक्षाची लवकर छाटणी घेतात आणि त्यांना हंगामाआधीचा भाव मिळतो. पण त्यात पावसाळ्यात कोवळी फूट सांभाळण्याचा जुगार आहे. वाइनच्या द्राक्षाला लवकर आल्याचा वेगळा भाव नाही, मग तो धोका कशासाठी घ्यायचा? एका बाजूला पाऊस, दुसऱ्या बाजूला उन्हाळा, आणि मधली फट अरुंद. सगळं वर्ष त्या फटीत बसवायचं.

आता वर्ष कसं जातं ते सांगतो. आमच्याकडे तारखांपेक्षा सणांवर लक्षात राहतं.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत खरड छाटणी उरकलेली असावी. गावात लेकी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, घरोघरी खापरावर पुरणपोळ्या, आणि बागेत वेली अगदी बोडक्या. मागच्या हंगामातल्या काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे तारेवर आडव्या नेलेल्या जाड फांदीपर्यंत, एकेका डोळ्यावर (नवी फूट येते त्या कोंबावर) छाटून टाकतात. पाहणाऱ्याला वाईट वाटतं. पण याच छाटणीनंतर जी नवी काडी निघते, तिच्या डोळ्यांत पुढच्या पिकाचा घड आधीच तयार होतो. छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत डोळ्याच्या आत ठरतं की इथे घड होणार की नुसता बाळीसारखा तणावा. ऊन भरपूर, पाणी बेताचं, नत्र कमी असेल तर घड. म्हणजे जानेवारीत जे तोडायचं ते खरं तर आदल्या जूनमध्येच वेलीच्या पोटात आलेलं असतं.

खान्देशात या काळात अडचण उन्हाची. 44 अंशांत उघडा पडलेला ओलांडा भाजतो, त्यावरचे डोळे फुटत नाहीत. आम्ही ओलांड्यांवर ओलं बारदान टाकतो आणि दुपारी पाण्याची हलकी फवारणी करतो. पाणी टंचाईचा हाच काळ, आणि वेलीला सगळ्यात जास्त गरज हीच. लाटीपाडा धरणातलं पाणी कुठवर आलंय हे विचारल्याशिवाय मेमधला दिवस उजाडत नाही.

मुळाबद्दल एक सांगायचं राहिलं. वेल वरून शेनिन किंवा शिराझ दिसली तरी जमिनीखाली ती दुसरीच असते. रानटी अमेरिकी जातीच्या खुंटावर आपली जात कलम केलेली असते. युरोपात एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने बागाच्या बागा संपवल्या, त्यावर उपाय म्हणून हे खुंट आले. आपल्याकडे खुंट घेतो तो मुख्यतः क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी. महाराष्ट्रात डॉगरिज आणि 110 आर हे खुंट जास्त दिसतात. आमच्याकडे 110 आर आहे, कारण डॉगरिजवर वेल जरा जास्तच माजते.

आमच्या खान्देशची देवी कानबाई, त्या येतात श्रावणात. तोवर काडी पेन्सिलीएवढी जाड झालेली असते आणि बुडाकडून शेंड्याकडे तपकिरी होत जाते, याला आम्ही काडी पिकणे म्हणतो. पानं निरोगी ठेवणं एवढंच तेव्हा काम असतं, पण ते सोपं नसतं. पावसाळ्यात करपा आणि तांबेरा येतो. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण तेव्हा कामी येतं. याची गोष्ट मला फार आवडते. फ्रान्समध्ये बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षं लोकांनी चोरून खाऊ नयेत म्हणून शेतकरी वेलींवर मोरचूद-चुन्याचा निळा मुलामा मारत. मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्या वेलींवर डाऊनी मिल्ड्यू हा बुरशीचा रोग येत नाही. 1885 मध्ये त्याने ते जगापुढे मांडलं. आज आमच्या गावातल्या टोमॅटोवरही तेच निळं पाणी फवारलं जातं.

सप्टेंबरात छाटणीच्या आधी काही काड्या कापून तपासायला देतो. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा चिरून पाहतात की कितव्या डोळ्यात घड आहे. तेवढे डोळे ठेवून वरचं छाटायचं. अंदाजाने छाटलं आणि घड असलेला डोळाच कापला गेला तर वर्ष गेलं. छाटणीनंतर ठेवलेल्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. हे विषारी रसायन आहे. हातमोजे आणि तोंडाला फडकं नसेल तर मी कोणालाही त्याच्या डब्याला हात लावू देत नाही.

खाण्याच्या आणि वाइनच्या द्राक्षाच्या वाटा इथून वेगळ्या होतात. खाण्याचं द्राक्ष लांब, टपोरं, बिनबियांचं हवं. त्यासाठी घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या, द्रावणात बुडवतात, मणी विरळ करतात. वाइनच्या घडाला जीए लावायचं नाही. इथे मणी जितका लहान तितका चांगला. द्राक्षाचा रंग, सुगंध आणि तुरटपणा बहुतेक सालीत असतो, गर तर काळ्या शिराझचाही पांढराच असतो. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून चव दाट. बियाही हव्याच. पहिल्यांदा तोडणीला आलेली एक आजी मणी तोंडात टाकून म्हणाली होती, "हाई द्राक्ष गोड शे, पन बिया कितल्या!" तिने थुंकलेल्या बिया मी उचलून पाहिल्या होत्या. त्या तपकिरी झाल्या होत्या का, हे मला बघायचं होतं. का, ते पुढे येतं.

उत्पन्नाचंही तसंच. जास्त घड ठेवले तर वेलीची साखर सगळ्यांत वाटली जाते आणि कोणाचंच नीट पिकत नाही. आम्ही एकरी चार-पाच टनांवर थांबतो. आबांना सुरुवातीला हे पटायचं नाही. हिरवे घड कापून जमिनीवर टाकताना त्यांनी तोंड फिरवलं होतं. तीन वर्षं त्यांनी स्वतः दोन्ही तऱ्हेच्या वेलींचा रस चाखला, मग तेच कात्री घेऊन पुढे आले.

दसऱ्याच्या सुमाराला फूट वीतभर होते. हा सगळ्यात भीतीचा काळ. परतीचा पाऊस आणि डाऊनी, ज्याला आम्ही केवडा म्हणतो, यांची गाठ इथेच पडते. दहा-दहा-दहाचा एक ठोकताळा आहे. फूट 10 सेंटिमीटरची झाली, तापमान 10 अंशांच्या वर आहे आणि 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर केवडा येणार असं धरून चालायचं. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबेचना, तेव्हा नाशिक, बागलाणपासून आमच्यापर्यंत बागांची काय अवस्था झाली ते द्राक्षवाल्यांना सांगायला नको. आम्ही रांगेतली फेलफूट, म्हणजे नको असलेली फूट, काढून, पानं विरळ करून वारा खेळता ठेवतो. ओलं पान लवकर सुकलं की अर्धी लढाई जिंकली.

पानं काढण्यात एक बारकावा आहे. आमच्या रांगा उत्तर-दक्षिण आहेत. घडाभोवतीची पानं आम्ही फक्त पूर्वेच्या बाजूने काढतो. सकाळचं कोवळं ऊन घडावर यायला हवं, त्याने रंग आणि वास सुधारतो. पश्चिमेची पानं मात्र तशीच ठेवायची, कारण दुपारचं खान्देशी ऊन थेट घडावर पडलं तर मणी भाजून तपकिरी होतात. युरोपातलं पुस्तक वाचून दोन्ही बाजू मोकळ्या केल्या त्या वर्षी चार रांगा वाया गेल्या होत्या.

मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार गजबजतो, तेव्हा आमचे मणी वाटाण्याएवढे, हिरवे आणि दगडासारखे कडक असतात. मग एक दिवस येतो जेव्हा मणी दाबला तर जरासा दबतो. याला आम्ही पाणी उतरलं म्हणतो. काळ्या जातीत त्याच वेळी एखाद-दुसरा मणी जांभळा दिसू लागतो आणि आठवडा-दीड आठवड्यात सगळा घड रंगतो. पाणी उतरलं की वेलीचं लक्ष वाढीवरून मण्यांकडे वळतं. आम्ही ठिबक निम्म्यावर आणतो. वेलीला थोडा ताण बसला की नवे शेंडे थांबतात आणि सगळी साखर घडाकडे जाते. फार ताण दिला तर पानंच वाळतात आणि साखर तयार करणारं कोणी उरत नाही. हा तोल पान पाहून, माती मुठीत धरून ठरवावा लागतो.

कडाक्याच्या थंडीत मणी तडकण्याचीही भीती असते. पारा 6-7 अंशांखाली जाणार असं दिसलं की पहाटे ठिबक चालू करतो, ओल्या जमिनीतून थोडी ऊब मिळते. बांधावर काडीकचऱ्याची शेकोटी करून धूर करतो. जाळी तोवर टाकलेली असते, कारण बुलबुल आणि साळुंकीला साखर आमच्या यंत्राआधी कळते.

आता तो सगळ्यात अवघड भाग. द्राक्ष पिकलं हे कसं ओळखायचं?

खाण्याचं द्राक्ष 16-18 ब्रिक्सला बाजारात जातं. ब्रिक्स म्हणजे 100 ग्रॅम रसात अंदाजे किती ग्रॅम साखर. वाइनसाठी 22 ते 24 हवं, कारण पुढे साखरेचंच अल्कोहोल होणार असतं. ब्रिक्सला 0.55 ने गुणलं की अल्कोहोलचा ढोबळ टक्का मिळतो. 22 ब्रिक्स म्हणजे बारा टक्क्यांच्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकून डोळ्याला लावलं की आकडा दिसतो.

पण नमुना चुकीचा घेतला तर आकडाही चुकीचाच. माणूस चालता चालता सगळ्यात सुंदर दिसणारा मणी तोडतो, आणि तो नेहमी गोडच निघतो. म्हणून आम्ही दर दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच वेळी दोनशे मणी घेतो. रांगेच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून, मधून, खालून, बांधाकडच्या वेली सोडून. सगळे पिशवीत चुरडून एकत्र रसाचं माप घेतो. साखर, पीएच आणि एकूण आम्ल, तिन्ही वहीत लिहायचं.

एवढं करूनही निम्मंच कळतं. साखर चढली म्हणजे द्राक्ष पिकलंच असं नाही. सालीचं आणि बियांचं पिकणं वेगळ्या चालीने होतं. खान्देशात ऊन वाढलं की साखर धावत सुटते आणि साल मागे राहते. तेव्हा मणी तोंडात टाकून चावायचा. साल दाताखाली कोऱ्या सुपारीसारखी तुरट लागते का? गर बियेपासून सहज सुटतो का? बी हिरवी आहे की तपकिरी? तपकिरी बी भाजल्या दाण्यासारखी कुडकुडते, हिरवी बी कडू आणि चिवट लागते. शिराझमध्ये हिरव्या बियांचा कडूपणा टाकीत उतरला की कशानेच जात नाही. आजीच्या बिया मी उचलल्या त्या यासाठी.

एका वर्षी आम्ही हे सगळं करूनही फसलो. सप्टेंबरअखेर पाऊस होता, म्हणून छाटणी वीस दिवस पुढे ढकलली. पुढे फेब्रुवारीच्या शेवटी ऊन अचानक तापलं. शिराझ सोमवारी 22.5 ब्रिक्स होती, शनिवारी 25 च्या पुढे. साली अजून तुरट, पीएच 3.8 च्या वर, आणि मणी सुकायला लागलेले. वाट पाहिली असती तर आम्ल संपलं असतं, तोडली असती तर तुरटपणा राहिला असता. तोडली. ती वाइन आम्ही जड मनाने वेगळी ठेवली आणि कोणाला विकली नाही. ती चूक फेब्रुवारीतली नव्हती, सप्टेंबरातली होती. हे मला तेव्हा उमगलं, आणि म्हणूनच पाहुण्यांना मी ते उत्तर देतो.

तोडणी पहाटे तीनला सुरू होते. डोक्याला दिवा, हातात छोटी कात्री. अंधारात तोडायचं कारण पुन्हा तापमानच. पहाटे दहा अंशांतला मणी थंड आणि टणक असतो, सकाळी अकराला तोच मणी कोमट होतो. कोमट द्राक्ष फुटलं की त्याचा रस हवेने तपकिरी पडतो आणि क्रेटमध्येच आंबायला लागतो. क्रेटमध्ये सोळा-सतरा किलोपेक्षा जास्त भरत नाही, खालचे घड दबून फुटू नयेत म्हणून. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बायका तोडणीला येतात, आणि कुजका मणी त्या माझ्यापेक्षा आधी ओळखतात, वासावरून. एका घडात दोन-चार कुजके मणी असले तर तेवढेच कात्रीने काढून टाकतात. सूर्य वर यायच्या आत शेवटचा क्रेट शेडमध्ये.

शेडमधलं काम थोडक्यात सांगतो, कारण बागेत जे झालं नाही ते इथे होत नाही. शेनिनचे घड लगेच दाबून रस वेगळा करतात, रात्रभर थंड ठेवून गाळ बसू देतात, मग यीस्ट घालतात. गव्हाचा चीक करताना आपल्या घरात गहू तीन दिवस भिजत ठेवतात, त्याला जो आंबूस वास येतो, तिथेही असेच सूक्ष्म जीव काम करत असतात. इथे यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं, आणि ऊबही निर्माण करतं. ती ऊब वाढली तर नाजूक सुगंध उडून जातो. म्हणून पांढऱ्याची टाकी चिलरने 14-16 अंशांवर धरून ठेवतो, दोन-तीन आठवडे हळूहळू चालू देतो. शिराझ सालीसकट आंबते, 25-28 अंशांवर. साली वर तरंगून जाड थर होतो, तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, तेव्हा रंग उतरतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि रिकाम्या दिसणाऱ्या टाकीच्या तळाशी साचून राहतो. त्या टाकीत हवा खेळवल्याशिवाय, बाहेर दोर धरून माणूस उभा केल्याशिवाय, कोणी उतरायचं नाही. हा नियम आमच्या शेडमध्ये कोणासाठीही मोडत नाही. किलोभर द्राक्षातून साधारण साडेसहाशे मिलिलिटर वाइन निघते, म्हणजे एका बाटलीमागे सव्वा किलोच्या आत-बाहेर द्राक्ष.

सातपुड्यात मोहाची दारू गाळतात, त्यामुळे लोकांना वाटतं हीही तशीच भट्टी. भट्टीत आंबवलेलं उकळून त्याची वाफ धरतात, अल्कोहोल खूप वाढतं. वाइनमध्ये उकळणं नाहीच. आंबलं, गाळ बसला, बाटलीत भरलं. पाणी नाही, वरून साखर नाही. आमच्या हवेत साखरेची कधीच कमतरता नसते. कधीकधी थोडं टार्टारिक आम्ल मात्र घालावं लागतं, ज्या वर्षी रात्री पुरेशा थंड पडल्या नाहीत तेव्हा.

फेब्रुवारीच्या शेवटी टाक्या बुडबुडत असतात आणि बाग मोकळी असते. लोकांना वाटतं आता वेलीचं काम संपलं, ठिबक बंद करा. असं करायचं नाही. तोडणीनंतरही पानं हिरवी असतात आणि ती आता घडासाठी नाही, स्वतःच्या खोड-मुळांसाठी अन्न साठवत असतात. एप्रिलमध्ये खरड छाटणीनंतर वेलीवर एकही पान नसताना जी पहिली फूट निघते, ती या साठ्यावर निघते. म्हणून मार्चमध्ये हलकं पाणी, थोडं शेणखत, आणि प्रेसमधून निघालेला साली-बियांचा चोथा खड्ड्यात कुजवून पुढच्या वर्षी पुन्हा त्याच वेलींच्या बुडाशी. होळीनंतर पानं आपसूक पिवळी पडायला लागतात. तेव्हा कात्र्यांना धार लावायला घेतो.